दूरध्वनीच्या रांगेतील एजंटांचा अग्रक्रम : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दूरध्वनीचा इतिहास बहुधा यंत्राच्या बाजूने लिहिला गेला आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे १८७६ चे पेटंट, स्वयंचलित एक्स्चेंज, उपग्रह, भ्रमणध्वनी असा त्याचा क्रम सर्वपरिचित आहे. बोलणारा आणि ऐकणारा यांच्या मध्ये बसून दोघांची गाठ घालून देणारी तिसरी व्यक्ती या इतिहासात क्वचितच दिसते. पूर्वी तिला ऑपरेटर म्हणत, आज कॉल सेंटरच्या परिभाषेत तिला एजंट म्हणतात.

बँक, विमान कंपनी किंवा शासकीय मदतकेंद्र यांना फोन केला असता ‘आपला कॉल रांगेत आहे’ ही ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते. रांग म्हटले की फोन करणाऱ्यांचीच रांग डोळ्यांसमोर येते. परंतु तारेच्या दुसऱ्या टोकालाही एक रांग असते, ती फोन घेणाऱ्यांची. पाच एजंट एकाच वेळी मोकळे असतील तर येणारा कॉल त्यांपैकी कोणाकडे जावा? जो पहिल्या खुर्चीवर बसला आहे त्याच्याकडे, जो सर्वाधिक वेळ मोकळा आहे त्याच्याकडे, जो सर्वांत कुशल आहे त्याच्याकडे, की जो सर्वांत वेगाने काम उरकतो त्याच्याकडे? वरवर पाहता हा केवळ तांत्रिक मांडणीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात कामाचा भार कोणावर पडेल आणि दोन कॉलमधली उसंत कोणाच्या वाट्याला येईल, याचा निर्णय त्यात दडलेला असतो. या निर्णयाला सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) दूरध्वनी ऑपरेटर ते कॉल सेंटर एजंट या प्रवासात कामाच्या वाटपाच्या पद्धती कशा बदलत गेल्या, हे पाहणे.
२) फोन करणाऱ्यांचा अग्रक्रम आणि फोन घेणाऱ्यांचा अग्रक्रम या दोन भिन्न प्रश्नांमधील फरक स्पष्ट करणे.
३) एजंटांच्या क्रमवारीचा ग्राहकाच्या प्रतीक्षेवर आणि श्रमाच्या विभागणीवर होणारा परिणाम तपासणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून, आवश्यक तेथे रांगेच्या गणिती सूत्रांच्या आधारे उदाहरणे सोडवून दाखविली आहेत. अभ्यासाचा कालखंड १८७८ ते २०१० असा असून, पुढील घडामोडींचा उल्लेख ओघाने आला आहे.

१. स्विचबोर्डचा काळ

जगातील पहिले व्यापारी दूरध्वनी एक्स्चेंज २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतील न्यू हेवन येथे सुरू झाले. त्याचे वर्गणीदार अवघे २१ होते. एवढ्या लहान व्यवस्थेत वाटपाचा प्रश्नच नव्हता. जो समोर बसला असेल तोच तारा जोडत असे. सुरुवातीला या कामावर तारखात्याच्या प्रथेप्रमाणे मुले नेमली जात. त्यांच्या उद्धट बोलण्याच्या तक्रारी वाढल्या. १ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टनमध्ये एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर कामावर रुजू झाली आणि पुढील काही दशकांत हा व्यवसाय जवळपास स्त्रियांचाच झाला.

भारतात ओरिएंटल टेलिफोन कंपनीने कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे काढलेली एक्स्चेंज १८८२ च्या प्रारंभी कार्यान्वित झाली. म्हणजे न्यू हेवननंतर अवघ्या चार वर्षांत मुंबईत ऑपरेटरच्या हाताने दूरध्वनी जोडला जाऊ लागला.

वर्गणीदार वाढले तसे स्विचबोर्ड लांबत गेले आणि त्यांपुढे ऑपरेटरांची ओळ बसू लागली. प्रत्येकीच्या समोर ठरावीक वर्गणीदारांच्या खुणा असत. एखाद्याने फोन उचलला की त्याच्या खुणेची झडप पडे, पुढील काळात तेथे दिवा लागे. कॉल कोणी घ्यायचा हे अशा रीतीने खुर्चीच्या जागेवरून ठरत होते. जिच्या वाट्याला बाजारपेठेतील पेढ्या येत तिला दुपारी श्वास घ्यायला फुरसत नसे. जिच्याकडे निवासी वस्ती असे तिची दुपार निवांत जाई. यावर दोन उपाय योजले गेले. एक, गर्दीचे वर्गणीदार वेगवेगळ्या खुर्च्यांमध्ये विभागून देणे. दुसरा, शेजारणीने शेजारणीचा दिवा पाहून मदतीला हात पुढे करणे. हा दुसरा उपाय म्हणजे कामाच्या वाटपाची पहिली लवचीक पद्धत होय. ती कोणत्याही यंत्रात नव्हती. शेजारी बसणाऱ्यांच्या परस्पर समजुतीवर ती चालत होती.

कामाची गती हा त्याच काळात संघर्षाचा विषय झाला. १९०७ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे बेल कंपनीने ऑपरेटरांची पाळी पाच तासांवरून आठ तासांवर नेण्याचे ठरविले, तेव्हा सुमारे चारशे ऑपरेटर संपावर गेल्या. पुढे कॅनडाचे पंतप्रधान झालेले मॅकेन्झी किंग हे या संपाच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाचे एक सदस्य होते. आयोगापुढे डॉक्टरांच्या साक्षी झाल्या आणि सतत लागणाऱ्या दिव्यांपुढे बसून राहण्याचा शरीरावर व मनावर येणारा ताण प्रथमच शासकीय दप्तरात नोंदला गेला. वाद कामाच्या तासांइतकाच त्या तासांमध्ये मिळणाऱ्या उसंतीचा होता, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

२. यंत्राची निवड : पहिल्या तारेवरील भार

स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट अल्मन स्ट्रोजर यांना १० मार्च १८९१ रोजी मिळाले. ते व्यवसायाने अंत्यविधीची व्यवस्था करणारे होते. प्रतिस्पर्ध्याची नातलग असलेली ऑपरेटर आपल्याकडे येणारे फोन तिकडे वळवते, या संशयातून त्यांनी यंत्राचा शोध लावला, अशी आख्यायिका सांगितली जाते. तिचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी तिच्यातून एक अपेक्षा व्यक्त होते : मनुष्य पक्षपात करतो, यंत्र करणार नाही. नोव्हेंबर १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे या पद्धतीचे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. भारतात पहिले स्वयंचलित एक्स्चेंज सिमला येथे १९१३-१४ मध्ये उभारले गेले.

यंत्र मात्र पक्षपातमुक्त नव्हते. या पद्धतीच्या पुढील विकासात निवडयंत्राचा दांडा ओळीतील पहिल्या जोडणीपासून शोध सुरू करी आणि जी पहिली मोकळी तार सापडेल ती पकडे. परिणामी पहिली तार जवळपास सतत गुंतलेली राही आणि शेवटची तार क्वचितच वापरात येई. अभियंत्यांनी हे लवकर ओळखले. भार सम प्रमाणात पडावा म्हणून तारांची जोडणी निरनिराळ्या गटांत निरनिराळ्या प्रकारे करण्याची पद्धत रूढ झाली. तिला ‘ग्रेडिंग’ म्हणतात.

क्रमाचा परिणाम किती मोठा असतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका केंद्रात तासाला सरासरी १०० कॉल येतात, प्रत्येक कॉल सरासरी ३ मिनिटे चालतो आणि तो घेण्यासाठी ८ जागा आहेत, असे समजू. सर्व जागा व्यग्र असतील तर कॉल परत जातो. शोध नेहमी पहिल्या जागेपासून सुरू केला, तर पहिली जागा तासातील सुमारे ५० मिनिटे व्यग्र राहते आणि आठवी केवळ १५ मिनिटे. तेच कॉल समान वाटले तर प्रत्येक जागा सुमारे ३५ मिनिटे व्यग्र राहते. दोन्ही पद्धतींत परत जाणाऱ्या कॉलचे प्रमाण मात्र तेच राहते, म्हणजे सुमारे ७ टक्के.

या उदाहरणातील निष्कर्ष संपूर्ण विषयाच्या मुळाशी आहे. काम करणारे सारख्याच वेगाचे असतील, तर त्यांना कोणत्या क्रमाने काम दिले याने ग्राहकाला काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो काम करणाऱ्याला. तारेच्या बाबतीत हा फरक झिजेचा होता. तारेच्या जागी माणूस बसला की तोच फरक थकव्याचा होतो.

३. एरलांग आणि रांगेचे गणित

वरील गणित ज्यांच्यामुळे शक्य झाले ते आग्नेर क्रारूप एरलांग (१८७८-१९२९) हे डॅनिश गणिती होत. १९०८ मध्ये ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत रुजू झाले. १९०९ मध्ये त्यांनी दूरध्वनी संभाषणांना संभाव्यताशास्त्र लावून दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला आणि १९१७ मध्ये दोन सूत्रे मांडली. पहिले सूत्र व्यग्र व्यवस्थेतून परत जाणाऱ्या कॉलचे प्रमाण सांगते. दुसरे कॉल थांबून राहत असेल तर त्याला प्रतीक्षा करावी लागण्याची शक्यता सांगते. वाहतुकीच्या एककाला १९४६ मध्ये ‘एरलांग’ हेच नाव देण्यात आले.

वरील उदाहरणातील तासाला १०० कॉल आणि प्रत्येकी ३ मिनिटे म्हणजे ५ एरलांग इतका भार होतो. आता कॉल परत न जाता रांगेत थांबतात असे मानू. ६ ऑपरेटर नेमले तर दुसऱ्या सूत्रानुसार सुमारे ५९ टक्के फोन करणाऱ्यांना थांबावे लागते आणि सर्व कॉल धरून सरासरी प्रतीक्षा पावणेदोन मिनिटांची होते. ८ ऑपरेटर नेमले तर सुमारे १७ टक्क्यांनाच थांबावे लागते आणि सरासरी प्रतीक्षा १० सेकंदांवर येते. केवळ दोन माणसांनी एवढा फरक पडतो, ही गोष्ट व्यवस्थापकांच्या दृष्टीने मोलाची ठरली. किती माणसे नेमावीत, या प्रश्नाला प्रथमच गणिती उत्तर मिळाले.

या सूत्रांचे एक गृहीतक मात्र लक्षात घेतले पाहिजे. त्यांत सर्व ऑपरेटर एकसारखे मानलेले आहेत. एकीचा वेग, दुसरीचा अनुभव, तिसरीची भाषा यांना सूत्रात स्थान नाही. त्यामुळे काम कोणाला आधी द्यावे, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. पुढील पन्नास-साठ वर्षे तो प्रश्न गणिताच्या बाहेरच राहिला.

४. फोन करणाऱ्यांचा अग्रक्रम

मधल्या काळात अग्रक्रमाचा विचार झाला तो फोन करणाऱ्यांच्या बाजूने. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने अग्निशामक दलासाठी फोन केला होता. परंतु एक्स्चेंजमधील ऑपरेटरच्या रांगेत तो अडकून पडला. या घटनेच्या चौकशीनंतर ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा तातडीचा क्रमांक सुरू झाला. त्यावर फोन आला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे व भोंगा वाजे आणि ऑपरेटर हातातले काम सोडून तो कॉल घेई. आधी आला तो आधी, या न्यायाला येथे उघडपणे अपवाद केला गेला आणि त्याचा आधार गरज हा होता.

भारतीय वाचकांना दुसरा अपवाद अधिक परिचित आहे. ट्रंक कॉलच्या काळात ‘ऑर्डिनरी’, ‘अर्जंट’ आणि ‘लायटनिंग’ असे वर्ग होते. अधिक आकार भरणाऱ्याचा कॉल आधी लागत असे. साधा कॉल नोंदवून दिवसभर फोनजवळ बसून राहण्याचा अनुभव एका संपूर्ण पिढीने घेतला. येथे अग्रक्रमाचा आधार पैसा हा होता. २६ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर ते लखनौ ही थेट डायल करण्याची सेवा सुरू झाली आणि पुढे तिचा विस्तार होत गेला तसतशी ट्रंक ऑपरेटरची ही रांग मागे पडली.

गणितातही याच बाजूचा विचार आधी झाला. १९५४ मध्ये अॅलन कोबहॅम यांनी निरनिराळ्या अग्रक्रमाचे ग्राहक एकाच रांगेत असताना प्रत्येक वर्गाला किती थांबावे लागेल, याचे सूत्र दिले. कोणाचे काम आधी, या प्रश्नाला त्यामुळे शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली. काम कोणी करावे, हा प्रश्न अजूनही शिल्लक होता.

५. स्वयंचलित वितरण : पाळीचा न्याय

हा शिल्लक प्रश्न यंत्राच्या कक्षेत आणला तो स्वयंचलित कॉल वितरकाने, म्हणजे ए.सी.डी. या यंत्रणेने. १९६७ मध्ये अमेरिकेत ए.टी. अँड टी. कंपनीने फोन करणाऱ्याला आकार न पडणारी ८०० क्रमांकाची सेवा सुरू केली आणि विमान कंपन्या, हॉटेले यांच्याकडे येणाऱ्या कॉलचा ओघ वाढला. १९७३ च्या सुमारास रॉकवेल कंपनीची ‘गॅलॅक्सी’ ही यंत्रणा कॉन्टिनेंटल एअरलाइन्समध्ये आरक्षणाच्या कामी वापरात आली. अशा यंत्रणांमध्ये शेकडो एजंटांच्या गटाला एकच रांग जोडता येऊ लागली. खुर्ची आणि वर्गणीदार यांचे जुने नाते संपुष्टात आले. कोणताही कॉल कोणत्याही एजंटाकडे जाऊ शकत होता.

तेव्हा निवडीचा नियम ठरविणे भाग पडले. पहिल्या खुर्चीपासून शोध घेतला तर पहिला एजंट दमून जाई, हे स्ट्रोजरच्या तारेप्रमाणेच येथेही दिसून येते. म्हणून चक्राकार पाळीचा आणि त्याहून सूक्ष्म असा ‘सर्वाधिक वेळ मोकळा असलेल्याला आधी’ हा नियम पुढे आला. रांगेच्या दोन्ही बाजूंना आता एकच न्याय लागू झाला : जो सर्वाधिक वेळ थांबला आहे त्या ग्राहकाची गाठ, जो सर्वाधिक वेळ विसावला आहे त्या एजंटाशी. एजंटांच्या दृष्टीने ही पद्धत सहज पटण्यासारखी होती, कारण पंगतीतील वाढप्याप्रमाणे ती कोणाला वगळत नाही व कोणाच्या ताटात दुप्पट वाढत नाही.

या न्यायाची किंमतही होती. कोण किती वेळ मोकळा आहे हे कळण्यासाठी यंत्राला प्रत्येकाची नोंद सेकंदागणिक ठेवावी लागे : कॉल कधी सुरू झाला, कधी संपला, त्यानंतरचे टिपण किती वेळ चालले, जागेवरून केव्हा उठला. स्विचबोर्डवरील शेजारीण जे नजरेने जाणत होती ते आता आकड्यांत नोंदले गेले. समान वाटपासाठी जमवलेली हीच माहिती देखरेखीसाठी आणि तुलनेसाठी वापरता येत होती. न्याय आणि पाळत यांची ही जोडी पुढील काळात सुटली नाही.

६. कौशल्य आणि ‘पेनल्टी’

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात समानतेचे गृहीतक मागे पडले. कॉल विविध भाषांतील व विविध विषयांवरील येऊ लागले आणि सर्व एजंटांना सर्व काही येणे अशक्य झाले. कौशल्यानुसार कॉल वळविण्याची पद्धत रूढ झाली. प्रत्येक एजंटाच्या नावापुढे त्याची कौशल्ये आणि प्रत्येक कौशल्यातील त्याची पातळी नोंदली जाऊ लागली. यातून एजंटांची उघड उतरंड तयार झाली.

१९९९ मध्ये मार्क स्पेन्सर यांनी ‘अॅस्टेरिस्क’ ही मुक्त स्रोत दूरध्वनी प्रणाली सुरू केली. पूर्वी मोठ्या कंपन्यांनाच परवडणारी यंत्रणा त्यामुळे लहान कार्यालयांच्या आवाक्यात आली. एजंट निवडण्याचे इतिहासात होऊन गेलेले बहुतेक मार्ग या प्रणालीत पर्याय म्हणून एकत्र दिसतात. सर्वांचे फोन एकदम वाजविणे, ठरावीक क्रमाने शोधणे, पाळी लक्षात ठेवून पुढे जाणे, ज्याला कॉल येऊन सर्वाधिक काळ लोटला त्याला देणे, ज्याने सर्वांत कमी कॉल घेतले त्याला देणे किंवा चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडणे, यांपैकी कोणताही नियम व्यवस्थापकाला एका शब्दाने निवडता येतो.

यांतील प्रत्येक नियमाचा स्वतःचा परिणाम आहे. सर्वांत कमी कॉल घेतलेल्याला पुढचा कॉल द्यावा, हा नियम वरकरणी निर्दोष वाटतो. परंतु अर्धी पाळी उलटल्यावर जो एजंट रांगेत दाखल होतो त्याचा आकडा शून्य असतो. इतरांच्या बरोबरीला येईपर्यंत तो मोकळा झाला की पुढचा कॉल त्याच्याकडेच येतो. शिवाय हा नियम कॉलची संख्या मोजतो, लांबी मोजत नाही. संतापलेल्या ग्राहकाशी वीस मिनिटे बोलणारा आणि एका मिनिटात शिल्लक सांगणारा, दोघांच्या खाती एकेकच कॉल जमा होतो.

याच प्रणालीत एजंटाला एक अंक जोडता येतो. त्या अंकाचे नाव ‘पेनल्टी’ असे आहे. ज्याचा अंक लहान त्याच्याकडे कॉल आधी जातो. लहान अंकाचे सर्व एजंट व्यग्र असतील तेव्हाच मोठ्या अंकाच्या एजंटाचा विचार होतो. पुढील आवृत्त्यांत ग्राहकाच्या प्रतीक्षेचा काळ वाढेल तसतशी ही मर्यादा आपोआप सैल करण्याची सोयही करण्यात आली. आधी तज्ज्ञ, मग साधारण, मग शिकाऊ अशी फळी त्यातून उभी राहते. या शब्दाचा अर्थ मात्र उलटा लागतो. पेनल्टी म्हणजे दंड, आणि मोठ्या दंडाच्या एजंटाला कॉल कमी येतात. ज्याला मुळीच दंड नाही त्या कुशल एजंटाचा फोन सतत वाजत राहतो. पगार एकच असेल तर खरा दंड कोणाला झाला, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

७. भारतीय संदर्भ

भारतातील कॉल सेंटर व्यवसायाचा प्रारंभ या टप्प्यावर झाला. ब्रिटिश एअरवेजने १९९६ मध्ये मुंबईत उभारलेला विभाग पुढे डब्ल्यू.एन.एस. या नावाने स्वतंत्र कंपनी म्हणून वाढला. जनरल इलेक्ट्रिकच्या वित्तशाखेने १९९७ मध्ये गुडगाव येथे केंद्र सुरू केले. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणानंतर मुंबई, पुणे, बंगळूर आदी शहरांत हा व्यवसाय झपाट्याने विस्तारला. स्विचबोर्डपासून पाळीच्या नियमापर्यंतचे टप्पे भारतीय एजंटाने अनुभवले नाहीत. तो थेट कौशल्यांच्या उतरंडीत दाखल झाला. उच्चार, वेग, ग्राहकाने दिलेले गुण या निकषांवर त्याचे स्थान ठरू लागले आणि परदेशातील दिवस म्हणजे येथील रात्र असल्याने अग्रक्रमाचा भार रात्रपाळीतच पडू लागला.

देशी गरजेतून घडलेले वेगळे उदाहरण म्हणजे २१ जानेवारी २००४ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेले किसान कॉल सेंटर. शेतकऱ्याला त्याच्या भाषेत, महाराष्ट्रातील शेतकऱ्याला अर्थातच मराठीत, उत्तर मिळावे अशी त्याची रचना आहे. तेथे एजंटांची मांडणी पातळ्यांची करण्यात आली. पहिल्या पातळीवर कृषी शाखेचे पदवीधर. त्यांना न सुटलेला प्रश्न दुसऱ्या पातळीवरील विषयतज्ज्ञाकडे. येथील क्रम व्यापारी केंद्राच्या उलट आहे. तज्ज्ञ आधी न येता शेवटी येतो, कारण तज्ज्ञ थोडे आहेत आणि बोंडावर पडलेल्या किडीचा नेहमीचा प्रश्न पदवीधरालाही सोडविता येतो. तज्ज्ञाचा वेळ राखून ठेवणारी ही रचना अग्रक्रमाचा आणखी एक हेतू दाखविते : कौशल्याचा वापर करणे याइतकेच कौशल्याची बचत करणे हेही वाटपाचे काम आहे.

८. वेग की न्याय : गणिताचे दुसरे पर्व

एजंट एकसारखे नसतात हे मान्य केल्यावर गणितालाही नव्याने विचार करावा लागला. १९८४ मध्ये लिन आणि कुमार यांनी एक वेगवान आणि एक मंद अशा दोन सेवकांची रांग अभ्यासली. वेगवान सेवक मोकळा असेल तर त्याला काम द्यावेच. मंद सेवकाला मात्र रांग ठरावीक मर्यादेपलीकडे वाढली तरच कामाला लावावे, असे त्यांनी सिद्ध केले. रांगेत माणसे उभी असताना एकाला रिकामा ठेवणे हिताचे असू शकते, हा निष्कर्ष सामान्य समजुतीला धक्का देणारा होता.

२००५ मध्ये मोर आर्मनी यांनी मोठ्या कॉल सेंटरसाठी याचा विस्तार केला. मोकळ्या एजंटांपैकी सर्वांत वेगवान असेल त्याला कॉल दिला तर ग्राहकांची प्रतीक्षा जवळपास किमान राहते, असे त्यांनी दाखविले. परंतु त्याच विश्लेषणातून दुसरी गोष्ट पुढे आली. या नियमाखाली व्यवस्थेतील जवळपास सगळी उसंत सर्वांत मंद गटाच्या वाट्याला जाते. वेगवान एजंटाला त्याच्या वेगाचे फळ म्हणून विश्रांती मिळत नाही. मिळतो तो पुढचा कॉल.

दुसऱ्या प्रकरणातील उदाहरण येथे पुन्हा आठवावे. एजंट सारखे असतील तर क्रमाने ग्राहकाला फरक पडत नाही, म्हणून समान वाटपाला काहीच खर्च येत नाही. एजंट असमान असतील तर समान वाटपाचा खर्च ग्राहकाच्या प्रतीक्षेत मोजावा लागतो आणि वेगाला दिलेल्या प्राधान्याचा खर्च कुशल एजंटाच्या थकव्यात मोजावा लागतो. ग्राहकहित आणि श्रमिकहित यांच्यातील खरा ताण या बिंदूवर निर्माण होतो.

आर्मनी आणि एमी वॉर्ड यांनी २०१० मध्ये हा ताण गणितातच आणला. प्रतीक्षा कमी करायची, पण एजंटांच्या गटांमध्ये मोकळ्या वेळाची वाटणी आधी ठरविलेल्या प्रमाणात झाली पाहिजे, अशी अट त्यांनी समीकरणाला घातली. मोकळ्या एजंटांच्या संख्येनुसार अग्रक्रम बदलत नेणारा नियम ही अट पाळतो आणि केवळ पाळीच्या नियमापेक्षा प्रतीक्षाही कमी ठेवतो, असे त्यांनी दाखविले. १९०७ मध्ये टोरांटोच्या ऑपरेटरांनी संप करून मांडलेला उसंतीचा प्रश्न शंभर वर्षांनी समीकरणातील एक अट म्हणून मान्य झाला, असे म्हणता येईल. ती अट घालायची की नाही आणि वाटणीचे प्रमाण कोणते, हे मात्र गणित ठरवीत नाही. ते ठरविणारा व्यवस्थापक असतो.

निष्कर्ष

१) फोन घेणाऱ्यांचा क्रम प्रारंभी खुर्चीच्या जागेने, नंतर यंत्राच्या रचनेने, पुढे पाळीच्या नियमाने आणि अखेरीस कौशल्य व वेगाच्या मोजमापाने ठरत गेला.

२) फोन करणाऱ्यांच्या अग्रक्रमाची चर्चा सार्वजनिक व्यासपीठावर झाली, त्यासाठी चौकशा झाल्या, दरपत्रके छापली गेली. एजंटांचा अग्रक्रम मात्र यंत्राच्या मांडणीत एका अंकाने ठरविला जातो आणि ज्याच्यावर तो लागू होतो त्याला तो क्वचितच दिसतो.

३) एजंट समान कुशल असतील तेथे असमान वाटपाचे समर्थन ग्राहकहिताच्या नावाने करता येत नाही, कारण ग्राहकाला त्यातून काहीही लाभ होत नाही.

४) एजंट असमान असतील तेथे वेगाला दिलेले प्राधान्य ग्राहकाला लाभदायक ठरते, परंतु त्याचा भार कुशल एजंटावर पडतो. त्याची भरपाई वेतनात, विश्रांतीत किंवा कामाच्या स्वरूपात न केल्यास कौशल्य हाच दंड ठरतो.

५) यंत्र पक्षपात करीत नाही, ही स्ट्रोजरच्या काळापासूनची अपेक्षा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. यंत्र केवळ त्याला दिलेला क्रम न चुकता पाळते. म्हणून तो क्रम कोणी दिला आणि कोणाला विचारून दिला, हाच या विषयातील मूलभूत प्रश्न राहतो.

वाणिज्य, समाजशास्त्र आणि संगणकशास्त्र या तिन्ही विद्याशाखांच्या सीमेवरील हा विषय आहे. कामगार कायद्यांनी कामाचे तास मोजले. दोन कॉलमधली उसंत मोजण्याचे साधन यंत्रणेच्या नोंदींत उपलब्ध असूनही श्रमाच्या अभ्यासात त्याचा वापर अल्पच झाला आहे. स्विचबोर्डवरील शेजारणीने पुढे केलेला हात ही कामाच्या न्याय्य वाटपाची सर्वांत जुनी नोंद होय. नव्या यंत्रणेचे मूल्यमापन करताना तिने ग्राहकाची किती सेकंदे वाचविली यासोबतच त्या हाताचे काम तिने कितपत केले, हेही पाहणे आवश्यक आहे.